मोजमाप कुणाच्या हाती?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर 'हॅकरस्पेस' असा एक शब्द छापला आहे. सकाळपासून चार-पाच जणांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, की हे काय नवीन काढले? हॅकर म्हणजे बँकेतले पैसे पळवणारा, आणि त्याच्यासाठी आपण जागा शोधायची? वर्तमानपत्रांनी या शब्दाची तशी गत केली आहे खरी. मूळचा अर्थ वेगळा. यंत्राचे झाकण उघडून आत काय चालले आहे ते पाहणारा, आणि ते यंत्र बनवणाऱ्याने ठरवले नव्हते असे एखादे काम त्याच्याकडून करून घेणारा तो हॅकर. या अर्थाने पाहिले तर जुन्या जीपच्या इंजिनावर पाण्याचा पंप चालवणारे, मोटारसायकलच्या मागे कोळपे जोडणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना कुणी हॅकर म्हणत नाही, 'जुगाड्या' म्हणतात, आणि तेही थोडे हसून.

असे लोक एकत्र येतात, वर्गणी काढतात, एक जागा भाड्याने घेतात, त्यात सगळ्यांची हत्यारे ठेवतात आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दार सगळ्यांना उघडे ठेवतात. एवढेच म्हणजे हॅकरस्पेस. जर्मनीत १९८१ साली बर्लिनमध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब निघाला. तिथेच १९९५ मध्ये सी-बेस नावाची जागा सुरू झाली. २००६ मध्ये व्हिएन्नात मेटालॅब, २००७ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला नॉइजब्रिज आणि न्यू यॉर्कला रेझिस्टर.  नॉइजब्रिजमध्ये सोमवारी संध्याकाळी कुणीही यावे, टेबलावर बसावे आणि डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकावे, अशी प्रथा मिच आल्टमन नावाच्या माणसाने पाडली. शिकायला फी नाही, लागेल त्या सामानाचे पैसे द्यायचे. लहान मुलेही येतात, म्हातारेही येतात.

या मंडळींनी २००७ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका मेळाव्यात आपल्या अनुभवाचे नियम मांडले. त्यातला एक आम्हाला फार आवडला. बैठकीचा वार कोणता, यावर कधीच एकमत होत नाही, कारण प्रत्येकाला कोणता ना कोणता वार अडचणीचा असतोच. म्हणून एकदा मतदान घ्या, आणि मंगळवार ठरवा. आपल्याकडे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे. आपल्याला आठवडी बाजार आहे. त्या दिवशी माणूस तालुक्याला येणारच.

पाबळचे उदाहरण

परदेशाचे पुरे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग येऊन राहिले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर काम केलेला माणूस. मुदतीआधी निवृत्ती घेऊन पाबळला आला आणि विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती, पशुपालन, घर-आरोग्य असे सगळे हाताने करायला लावायचे आणि त्यातून विज्ञान शिकवायचे, ही त्यांची पद्धत. मुलांनी वर्गात खोटे-खोटे करायचे नाही. गावात ज्याला गेट पाहिजे त्याचे गेट करायचे, ज्याला विहिरीसाठी पाण्याचा अंदाज पाहिजे त्याच्या रानात यंत्र लावून जमिनीचा विद्युतरोध मोजायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा काम नीट झाले की नाही हे आपोआप कळते. आम्ही शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. तिथे नांगराचे भाग काढून नावे लिहिण्याला गुण होते, नांगर दुरुस्त करण्याला नव्हते. त्यामुळे पाबळच्या मुलांचा आम्हाला हेवा वाटतो, हे इथे सांगून टाकतो.

याच आश्रमात जीपचे सुटे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनवला गेला, त्याचे नाव मेकबुल. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीने तिथे फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर आराखडा काढायचा आणि लहान यंत्रावर वस्तू कापून, कोरून काढायची, अशी ती कार्यशाळा. अशा कार्यशाळा आज जगभर दोन हजारांहून जास्त आहेत. एम.आय.टी.च्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या लॅबांपैकी एक पाबळची आहे, बर्लिन-पॅरिसची नव्हे. आणि तिथे सुरुवातीला कोणते प्रश्न हाती घेतले? दुधाची प्रत मोजायची कशी, आणि डिझेल इंजिनाचे काम नीट चालले आहे की नाही हे ओळखायचे कसे. म्हणजे आपलेच प्रश्न. डॉ. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, पाबळला कलबाग होते, आमच्या तालुक्याला कोण आहे? त्यांना फ्रान्सकडे बोट दाखवावे लागेल. तिथे लातेलिए पेझां नावाची शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. ती तीन-चार दिवसांचे वर्ग घेते. शेतकरी येतो, लोखंड कापतो, वेल्डिंग करतो आणि आपल्या रानाला लागणारे अवजार बनवून ट्रेलरमध्ये टाकून घरी नेतो. अवजारांचे आराखडे कुणालाही फुकट. तिथे कुणी शास्त्रज्ञ गावात येऊन राहिला नव्हता. भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना बाजारातली अवजारे परवडेनात आणि जुळेनात, त्यातून हे उभे राहिले.

काट्यावर काय होते

आता मुद्द्यावर येतो. संघटनेने भावाचा प्रश्न मांडला, तो बरोबरच मांडला. पण भाव म्हणजे नुसता क्विंटलमागचा आकडा नाही. वजन किती धरले आणि प्रत कोणती धरली, यावर हातात येणारे पैसे ठरतात. क्विंटलचा आकडा रेडिओवर, फोनवर सगळ्यांना कळतो. वजन आणि प्रत मात्र एका खोलीत ठरते, त्या खोलीतले यंत्र दुसऱ्याचे असते आणि त्याच्यावरचा आकडा बहुतेक वेळा आपल्याला वाकून वाचावा लागतो.

सोयाबीनचे घ्या. २०२५-२६ च्या खरिपासाठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. खरेदीसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात माल ओला म्हणून परत जायला लागला तेव्हा केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. कापसात कॉटन कॉर्पोरेशन ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्याच्यावर कपात करते आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल घेत नाही. म्हणजे एका छोट्या यंत्राच्या काट्यावर गाडी आत जायची की घरी परतायची हे ठरते.

हिशेब करू. शंभर किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८५ किलो. तेवढाच कोरडा माल १२ टक्के ओलाव्याला ९६ किलो ६०० ग्रॅम भरेल, म्हणजे न्याय्य कपात ३ किलो ४०० ग्रॅमची. हमीभावाने त्याचे १८१ रुपये होतात. जादा ओलाव्याला ८८ ने भागायचे, एवढे हे गणित आहे, सातवीच्या पोराला येईल. पण माल खरोखर १२ टक्क्यांचा असून यंत्राने १५ दाखवला, तर हे १८१ रुपये आपल्या खिशातून गेले. वीस क्विंटलला साडेतीन हजारांच्या वर. आणि मागच्या हंगामात एका केंद्रावर आम्ही पाहिले, की एकाच पोत्याचा माल सकाळी आणि दुपारी मोजला तर आकड्यात दीड टक्क्याचा फरक. तिथल्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, मशीन दाखवते ते आम्ही लिहितो.

मशीन काय आणि का दाखवते, हे त्याला माहीत नव्हते आणि आपल्यालाही माहीत नव्हते. म्हणून आम्ही काही जणांनी गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी एका गाळ्यात ओलावा मोजण्याच्या यंत्रावर तीन बैठका घेतल्या. एक जुने मीटर विकत घेतले आणि सगळ्यांसमोर उघडले.

आत जादू काही नाही. दोन धातूचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये धान्य. विजेला साठवून धरण्याची पाण्याची शक्ती कोरड्या धान्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. पाण्याचा आकडा ८० च्या आसपास, कोरड्या दाण्याचा चार-पाचच्या आत. दाण्यात पाणी वाढले की पत्र्यांमधला साठा वाढतो, यंत्र तो मोजते आणि आत भरलेल्या तक्त्यावरून टक्के दाखवते. म्हणजे यंत्र ओलावा मोजतच नाही. ते विजेचा साठा मोजते आणि ओलाव्याचा अंदाज सांगते. हे एकदा कळले की कुठे गडबड होऊ शकते तेही कळते. तक्ता प्रत्येक पिकाचा वेगळा, त्यामुळे यंत्र गव्हावर लावलेले असेल आणि आत सोयाबीन टाकले तर येणारा आकडा कामाचा नाही. माल उन्हात तापलेला आहे की रात्री गार झालेला, याने फरक पडतो. चांगली यंत्रे तापमान धरून दुरुस्ती करतात, स्वस्त यंत्रे करत नाहीत. दाणे कपात सैल पडले की दाबून भरले, याने फरक पडतो. पोत्याच्या तोंडाचा नमुना घेतला की मधला, यानेही पडतो. आम्ही पाहिलेला दीड टक्क्याचा फरक लबाडीचाच असेल असे नाही, उन्हाचाही असू शकेल. पण पैसे दोन्ही प्रकारांत शेतकऱ्याचेच गेले.

मग खरा आकडा कसा काढायचा? वाळवून. पंधरा ग्रॅम सोयाबीन अचूक काट्यावर तोलायचे, १०३ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये अख्खे दाणे ७२ तास ठेवायचे, झाकण लावून गार करायचे आणि पुन्हा तोलायचे. १५ ग्रॅमचे १३.०५ झाले तर १.९५ ग्रॅम पाणी गेले, म्हणजे ओलावा १३ टक्के. हीच प्रयोगशाळेची पद्धत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आता काही शे रुपयांत मिळतो. ओव्हन एका शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणली. ती तीन दिवस चालू ठेवायची होती आणि वीज जाते, म्हणून एका पोराने वीज गेलेला वेळ वहीत टिपायचा आणि तेवढा वेळ पुढे वाढवायचा, असे ठरवले. लोकांनी आपापल्या घरचे डबे भरून नमुने आणले. ओव्हनचा आकडा एका रकान्यात, मीटरचा दुसऱ्या रकान्यात. चौथ्या दिवशी भिंतीवर तो कागद लावला तेव्हा जी गर्दी झाली, तेवढी आमच्या भाषणाला कधी झाली नव्हती.

याचा उपयोग काय? आपला काटा, आपले मीटर सौद्यात पुरावा म्हणून कुणी मानणार नाही, त्या भ्रमात कुणी राहू नये. पण माल घरून निघण्याआधी आपल्याला त्याचा ओलावा माहीत असतो. दोन दिवस आणखी वाळवायचा की आजच न्यायचा, हे ठरवता येते. आणि केंद्रावर गेल्यावर 'मशीन कोणत्या पिकावर लावली आहे ते दाखवा' एवढे एक वाक्य बोलता येते. आमच्या बैठकीला आलेल्या एका शेतकऱ्याने ते वाक्य उच्चारले. समोरच्या माणसाने बटण दाबून पाहिले, काही न बोलता सेटिंग बदलले आणि माल पुन्हा मोजला. भांडण नाही, घोषणा नाही. दुधाच्या फॅटचे, एस.एन.एफ.चे यंत्रही असेच उघडून पाहायचे आहे. ते अजून आमच्याकडून झालेले नाही.

कुलूप लावलेला ट्रॅक्टर

दुसरी गोष्ट पुढे येणारी आहे, म्हणून आजच बोलतो. आपला ट्रॅक्टर बंद पडला तर गावचा मेकॅनिक पाने घेऊन येतो आणि बांधावर चालू करून देतो. अमेरिकेत असे राहिलेले नाही. तिथल्या ट्रॅक्टरमध्ये संगणक आहे. एखादा सेन्सर बिघडला तर इंजिन स्वतःच मंद होते, आणि दोष शोधायचे, नवा भाग यंत्राला ओळखायला लावायचे सॉफ्टवेअर बरीच वर्षे कंपनीच्या विक्रेत्याकडेच होते. ऐन हंगामात शेतकरी विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसायचा. हे कुलूप शेतकऱ्यांनी आणि हॅकरांनी मिळून हलवले. ट्रॅक्टरच्या मालकाने दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप तोडले तर तो गुन्हा नाही, अशी सूट २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात मिळाली. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या संघीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच कारणासाठी दावा दाखल केला.

आपल्याकडे ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, आणि ते पाळायचे तर इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची यंत्रे आहेत. सरकारी समितीवर किती भरवसा ठेवायचा हे या सभागृहाला आम्ही सांगायला नको. गावचा मेकॅनिक संगणकाची वायर जोडून दोषाचा कोड वाचायला शिकला नाही, तर पाच-दहा वर्षांत त्याचा धंदा जाईल आणि आपली पेरणी शोरूमच्या वेळापत्रकावर चालेल. त्याला शिकवायला शहरातली पोरे मिळतात. आम्ही एका अभियांत्रिकीच्या पोराला बोलावले होते. तो कोड वाचायला शिकवून गेला आणि जाताना आमच्या मेकॅनिककडून आवाजावरून नोझल ओळखायला शिकून गेला.

जुन्या बलुतेदारीच्या आठवणीने कुणी हळवे होऊ नये. लोहाराचा भाता गावात होता, पण तो कुणी हातात धरायचा हे जातीने ठरत असे, आणि मोबदला सुगीला खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने मिळत असे. आपल्याला जी जागा हवी तिथे घण कुणीही उचलावा. बायकांना हे जमणार नाही म्हणणाऱ्याने घिसाडी समाजातल्या बायका रस्त्याकडेला घण घालताना पाहिल्या नसाव्यात. तरी आमच्या पहिल्या दोन बैठकांना एकही बाई नव्हती. बैठक संध्याकाळी सहाला होती, धारा काढायच्या वेळी. तिसरी बैठक दुपारी बाजाराच्या वेळात घेतली तर अकरा जणी आल्या, आणि नमुन्यांचे डबे सर्वांत नीट चिठ्ठ्या लावून त्यांनीच आणले होते. त्यांनी आणखी एक विचारले, की घरची शिलाई मशीन आणि मिक्सर इथे उघडता येईल का? येईल. ॲमस्टरडॅमला २००९ मध्ये दुरुस्तीच्या बैठका सुरू झाल्या त्या अशाच, घरगुती वस्तूंच्या. मिक्सरची मोटार कळली की पंपाची मोटार परकी राहत नाही.

पैशाचे काय?

अवजारे बँकेच्या योजनेतून अनुदान घ्या, असे दोघा-तिघांनी सुचवले आहे. आमचे मत विरोधी आहे. अनुदान आले की फलक येतो, उद्घाटन येते, आणि मग किल्ली एका घरात जाऊन बसते. अशी कुलूपबंद शेड या सभागृहातल्या प्रत्येकाने आपापल्या भागात पाहिलेली आहे. पंचवीस माणसांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर बाजारापाशी एका गाळ्याचे भाडे निघते. हत्यारे बहुतेक आपल्या घरात पडलेलीच आहेत. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि बरा मल्टिमीटर एवढे घ्यावे लागेल. हत्यार नेले की वहीत नाव, आणले की सही. ज्याने सलग तीन वेळा झाडू मारला नाही त्याची किल्ली काढून घ्यायची. आणि एक गोष्ट सक्तीची: थ्री फेजचा स्टार्टर चालू विजेवर कुणी उघडायचा नाही, ग्राइंडरचे गार्ड कुणी काढायचे नाही. हुशारी दाखवणाऱ्याला त्या दिवसापुरते बाहेर बसवायचे, मग तो तालुकाध्यक्ष का असेना.

'संघटनेने आंदोलन सोडून गॅरेज काढले' अशी टीका होईल. होऊ द्या. रस्त्यावर उतरायची वेळ येईल तेव्हा उतरूच. पण 'ओलावा चुकीचा मोजला' ही तक्रार घेऊन मोर्चा नेला तर अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, कशावरून? त्या वेळी हातात दोन रकान्यांचा कागद असलेला बरा.

आता ठरावाचे. सहा तालुक्यांचे प्रमुख इथे आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजाराच्या गावी गाळा पाहावा, भाडे विचारावे आणि येत्या बैठकीला पंचवीस नावे आणावीत. नावे पंचवीस भरली नाहीत तर गाळा घेऊ नये, शेजारच्या तालुक्याला जोडून घ्यावे. ओव्हन सध्या एकच आहे, ती सोयाबीन काढणीच्या पंधरा दिवसांत तालुक्या-तालुक्याला फिरवू. नमुना आणायचा तो पोत्याच्या तोंडाचा नको, मधला पाहिजे, घट्ट झाकणाच्या डब्यात पाहिजे, आणि चिठ्ठीवर नाव, गाव, वाण आणि काढणीची तारीख लिहिलेली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत भोक असलेला नमुना घेतला जाणार नाही.